कुंची घातलेला दगड

जुना म्हणून मिरवावे इतका मी जुना आहे, मित्रांनो, पण दिसायला अगदीच साधा. हातभरापेक्षा जरा आखूड, लांबट, गोल, तांबड्या रंगाचा एक दगड. एका टोकाला तुटलेला. इंग्लंडच्या पार उत्तरेला, स्कॉटलंडच्या वेशीजवळ कार्लाइल नावाचे शहर आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपची गादी असलेल्या मोठ्या देवळात, सध्या माझा मुक्काम आहे. लोक माझ्यासमोर येतात, पाटी वाचतात आणि वर छताकडे बघत पुढे सरकतात. मला त्यांचा राग येत नाही. छत खरोखरच बघण्यासारखे आहे. पण तुम्ही थांबलाच आहात, तर माझी हकिगत ऐकून जा.

माझा जन्म नदीकाठच्या खडकातला. तिथे मी किती काळ पडून होतो, ते मलाही ठाऊक नाही. खडकाला दिवस मोजायची सवय नसते. मग एके दिवशी टाकीचे घाव ऐकू आले. रोमन बादशहाचे सैनिक दगड काढायला आले होते. त्यांच्या साम्राज्याची हद्द इथे संपत होती आणि त्या हद्दीवर त्यांना या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भिंत बांधायची होती. आमच्या बाजूला त्यांनी ती आधी मातीची बांधली, मग दगडाची. मला चौकोनी घडवले, गाडीत घातले आणि त्या भिंतीत बसवले. तेव्हा मी गोल नव्हतो, हे ध्यानात ठेवा.

भिंतीवर पहारा करणारे ते सैनिक सगळेच काही रोमचे नव्हते. कोणी स्पेनचा, कोणी सीरियाचा, कोणी आफ्रिकेतल्या उन्हातून आलेला. इथल्या पावसाने बिचारे अगदी मेटाकुटीला यायचे. नोकरीसाठी दूरदेशी यायचे, इथल्या हवेला शिव्या घालायच्या आणि तरी इथेच संसार थाटायचा, असे लोक मी तेव्हापासून पाहत आलो आहे. त्यांच्या छावणीला लागून गाव वसले. गावाचे नाव लुगुवेलियम. हमामखाना आला, बाजार आला, पाण्याचे कारंजे आले.

पुढे रोमन निघून गेले, पण गाव राहिले. खूप वर्षांनी एक साधुपुरुष तिथे आला, तेव्हा गावकऱ्यांनी मोठ्या कौतुकाने त्याला जुना तट आणि अजून चालू असलेले ते कारंजे दाखवले म्हणतात. नंतर मात्र पडझड सुरू झाली. भिंत कोणाच्याच मालकीची राहिली नाही. ज्याला दगड हवा, त्याने तो काढून न्यावा. आज हे शहर स्कॉटलंडचे, तर उद्या इंग्लंडचे, अशी ओढाताण चालली होती. अखेर इंग्लंडच्या एका राजाने शहर ताब्यात घेतले आणि किल्ला बांधला. त्याच्या धाकट्या भावाने, तोही पुढे राजा झाला, इथे मठ वसवू दिला. त्या मठाच्या देवळासाठी मला जुन्या भिंतीतून उपटून आणले. काही वर्षांनी त्याच राजाने इथे बिशपची गादी स्थापन केली आणि ते देऊळ कॅथीड्रल झाले.

तिथल्या पाथरवटाने मला हातात घेऊन उलटसुलट फिरवले आणि माझी चौकोनी अंगे तासून काढली. मला गोल केले आणि अंगावरून नागमोडी खाच फिरवली. मुलांना बाप्तिस्मा द्यायचे दगडी कुंड होते ना, त्याच्या मधल्या जाड खांबाभोवती चार बारीक खांब होते. त्यांतला एक मी. कुंड होते देवळाच्या मुख्य मंडपात, जिथे गावातले लोक जमत. तिथे मी उभा राहिलो आणि पुढची पाचशे वर्षे उभाच राहिलो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हाच काळ मी सुखाचा म्हणेन. बायका तान्ही मुले घेऊन यायच्या. कोणी झोपलेले, कोणी टाहो फोडणारे. धर्मगुरू त्यांना हातात घ्यायचा आणि विचारायचा, या बाळाचे नाव काय? आधी हे लॅटिनमध्ये चालायचे, मग इंग्रजीत. भाषा बदलली, प्रश्न तोच राहिला. मग नाव सांगितले जायचे आणि पाण्याचे थेंब कुंडाच्या काठावरून माझ्या अंगावर ओघळायचे. एवढी नावे मी ऐकली, एवढी मुले माझ्या डोक्यावरून गेली, पण मला कोणी कधी उचलले नाही. खांबाला कोण उचलणार?

कधीकधी एखादी बाई रिकाम्या हातांनी यायची. कुंडाच्या काठाला हात लावून थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. तिला कोणी काही विचारत नसे. मला तिचे फार वाईट वाटायचे.

बिशपच्या गादीचे म्हणाल, तर तिचेही दिवस काही सरळ गेले नाहीत. पहिला बिशप गेला आणि मग कित्येक वर्षे गादी रिकामीच. हद्दीवरच्या या धामधुमीच्या शहरात यायला कोण तयार होणार? पुढे देवळाला आग लागली. पुन्हा बांधकाम झाले, पूर्वेकडे मोठी देखणी खिडकी आली. आणि मग राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली. पार्लमेंटच्या बाजूने लढणाऱ्या स्कॉटिश सैन्याने शहराला वेढा घातला. आतल्या लोकांनी आधी गुरे खाल्ली, मग घोडे, मग कुत्री. शहर पडले. त्यानंतर तटबंदीच्या डागडुजीला दगड हवा होता, म्हणून सैनिकांनी देवळाचाच मुख्य मंडप पाडला. कमानी एकामागून एक खाली आल्या. कुंड फुटले. मी मधोमध तुटलो. माझा खालचा तुकडा कुठे गेला, ते मला आजतागायत कळलेले नाही.

मी गेलो शहराच्या तटात, भरीचा दगड म्हणून. तिथे ना कोणाचा आवाज, ना पाण्याचा थेंब. पुढे शांततेचे दिवस आले, तटाची गरज उरली नाही आणि तोही पाडला गेला. आम्हाला गाड्यांत भरून कुठे कुठे नेऊन टाकले. मी कॅल्ड्यू नदीजवळच्या लाल विटांच्या एका घराच्या परसात येऊन पडलो आणि गुलाबाच्या वाफ्याची कड झालो. घराचे मालक बदलत गेले. दोनदा नदी घरात शिरली, तेव्हा मी गढूळ पाण्याखाली होतो. मांजरे माझ्यावर बसून ऊन खायची. तक्रार नाही. फक्त कोणाच्या उपयोगी पडण्याचे दिवस संपले, असे मी धरून चाललो होतो.

आणि मग त्या घरात वरदा आणि परीक्षित राहायला आले.

परीक्षित बिस्किटांच्या कारखान्यात यंत्रांचा इंजिनिअर. आधी मिल्टन कीन्सला होता, बढती मिळाली म्हणून इकडे आला. वरदा मूळची नागपूरची, लंडनच्या एका कंपनीचे काम घरूनच करायची. वसंतात ती दोघे परसात खुर्च्या टाकून बसत. तिला जुळे होणार होते, एक मुलगी आणि एक मुलगा.

"ईशिता आणि समर," वरदा म्हणाली. "फायनल. आता तुझ्या ताईंनी शंभर सजेशन्स दिली तरी चेंज नाही."

"ताईला सांगायचं कोणी पण?" परीक्षित म्हणाला आणि दोघे हसली. त्याने दोघांना पुरेल असा रुंद लाकडी पाळणा आणला होता. तो परसात मांडून त्याने त्याला तेलपाणी केले. मी वाफ्यातून पाहत होतो.

पण बाळे फार लवकर आली. परसातली खुर्ची कितीतरी दिवस रिकामी होती. मग एका सकाळी वरदा एकटीच बाहेर आली आणि नागपूरला आईशी फोनवर बोलत उभी राहिली, तेव्हा मला कळले. मुलगी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. मुलगा काही तासच जगला होता.

"नाही गं आई, रडत नाहीये," वरदा म्हणत होती. "रडून कसं चालेल? रोज दूध घेऊन जायचंय तिच्यासाठी." आणि खरेच ती रडत नव्हती. समर हे नाव त्यानंतर त्या घरात कोणी उच्चारले नाही. भेटायला येणारे दबक्या आवाजात बोलायचे, मुलीचे कौतुक करायचे आणि निघून जायचे. मला देवळातल्या त्या रिकाम्या हातांच्या बायका आठवायच्या.

ईशिताने तग धरला. उन्हाळा संपता संपता ती घरी आली. बाराव्या दिवसाचे बारसे राहूनच गेले होते, ते आता करायचे ठरले. त्यासाठी लंडनमधल्या हॅरोहून परीक्षितची मोठी बहीण, सुनेत्राताई, ट्रेनने आली. मराठी घरात बाळाचे नाव त्याच्या कानात सांगायचा मान आत्याचा असतो आणि हा मान सुनेत्राताई सोडणारी नव्हती. कामाचा उरक दांडगा, तोंडाचा पट्टा त्याहून दांडगा. पिशवीत सुके खोबरे, घुगऱ्यांचे हरभरे, पैठणीच्या काठाची छोटी कुंची, सगळे घेऊन आली. पाळण्याला फुले बांधून झाली आणि तिने स्वयंपाकघरात हाक दिली.

"परीक्षित, वरवंटा कुठाय?"

"ताई, आमच्याकडे मिक्सर आहे."

"मग मिक्सर घालू का पाळण्यात? प्लग लावून? अरे, वरवंट्याशिवाय बारसं असतं का!"

"रोलिंग पिन चालेल?"

"लाटणं? पोरगी जन्मभर पोळ्या लाटत बसेल. मूव्ह, मलाच काहीतरी बघू दे."

तुमच्यापैकी कोणी वरवंटा पाहिला नसेल, तर सांगतो. पाट्यावर चटणी वाटायचा तो लांबट गोल दगड. बारशाला त्याला बाळासारखे नटवतात, बायका त्याला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती देतात आणि मग पाळण्यात निजवतात. बाळ दगडासारखे टणक होवो, त्याला उदंड आयुष्य मिळो, एवढाच त्यामागचा भाव. सुनेत्राताई परसात आली. वाफ्यापाशी वाकली. माझ्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

मला मातीतून उपसले. नळाखाली खसखसून धुतले, पुसले. हळदीकुंकू लावले, दुपट्यात गुंडाळले आणि डोक्यावर कुंची बांधली. मित्रांनो, ऊब म्हणजे काय ते मला तेव्हा समजले.

दिवाणखान्यात पाच-सहा मराठी कुटुंबे जमली होती. सुनेत्राताईची मुलगी तनिषाही होती. ती हॅरोलाच जन्मली आणि वाढली, दगडांच्या डागडुजीचे शिक्षण घेऊन आता कार्लाइलच्या कॅथीड्रलमध्ये कामाला लागली होती. नागपूरची आजी फोनच्या पडद्यावर होती. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि मी हातोहात फिरू लागलो. हसणे चालले होते, कोणीतरी गाणे धरले होते.

"काय वजन आहे हो याचं! चांगला गुटगुटीत आहे," सुनेत्राताई म्हणाली. मग तिने मला ईशिताच्या शेजारी, पाळण्याच्या मोकळ्या अर्ध्यात निजवले. "सरक गं बाई जरा. हा बघ, आला तुझा दादा!"

गाणे थांबले.

रुंद पाळण्यात दोन कुंच्या शेजारी शेजारी होत्या. सगळ्यांनी ते एकदमच पाहिले. सुनेत्राताईचा हात पाळण्याच्या काठावर तसाच राहिला. सगळे विधी यथासांग करायच्या नादात तिने एवढे एकच पाहिले नव्हते. "वरदा," ती कशीबशी म्हणाली, "अगं, माझ्या लक्षातच... आय ॲम सो सॉरी. थांब, काढते मी, काढते." तिने घाईने मला एका हाताने उचलले.

वरदा पुढे आली. मला वाटले, आता ही मला बाहेर फेकून देणार. तिने सुनेत्राताईच्या हातातून मला घेतले.

"मान धरा ना ताई," ती म्हणाली. "मानेखाली हात नको का?"

तिने माझी कुंची सारखी केली, सुटलेली नाडी बांधली आणि मला छातीशी धरून ती खाली बसली. आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचे सगळे तिने त्या एका बैठकीत रडून घेतले. परीक्षित तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तोही रडला. मी हजारो आया पाहिल्या आहेत, मित्रांनो. पण एवढ्या वर्षांत कोणी मला असे धरले नव्हते. दगडाला पाझर फुटतो असे लोक म्हणतात. त्यातले मला सांगता यायचे नाही, पण त्या दिवशी मी भिजलो एवढे खरे.

बारसे नंतर झाले. सुनेत्राताईने पाणावल्या डोळ्यांनी ईशिताच्या कानात कुर्र करून नाव सांगितले आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, पण अगदी हलके.

त्यानंतर मी परसात परत गेलो नाही. वरदाने मला पाळण्यात ठेवून घेतले. ईशिताला दूध पाजून झाले की ती मला एकदा थोपटायची. माझ्याही कपाळावर काजळाची तीट आली. आधी परीक्षितने ते चालवून घेतले. पण पाने गळून गेली, थंडी पडली, तरी माझी कुंची काही उतरेना. वरदाने कामावर परत जायचे पुढे ढकलले. बाहेर पडेनाशी झाली. एकदा ईशिता रडत होती आणि ती मला थोपटत बसली होती. परीक्षितने धावत येऊन मुलीला उचलले. त्याच्या तोंडावरची भीती मी पाहिली. मलाही भीती वाटली. मी दगड आहे, मित्रांनो. मी थांबू शकतो, मुलगी थांबू शकत नाही.

सुनेत्राताईचा हॅरोहून रोज फोन यायचा. "मी घातलेला घोळ आहे, मीच निस्तरते," ती म्हणायची. "मी येते आणि घेऊन जाते तो दगड." वरदा फोन ठेवून द्यायची.

एका रविवारी तनिषा आली, तेव्हा वरदा ईशिताला न्हाऊ घालत होती. मुलगी न्हाऊन झाली आणि वरदाने माझी कुंची उतरवून माझ्यावरही कोमट पाणी ओतले. ओला झालो की माझा रंग खुलतो आणि अंगावरची खाच उठून दिसते. तनिषा टॉवेल घेऊन उभी होती, ती जागच्या जागी थांबली. मग खाली बसली आणि त्या खाचेवरून तिने बोट फिरवले. माझ्या वरच्या टोकाला लोखंडी खुंटी बसवायचे भोक आहे, तेही तिने चाचपून पाहिले.

"मामी," ती तिच्या हॅरोच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मला हे सांगायचं नव्हतं. बट आय हॅव टू. हे दगड साधी नाहीये."

"म्हणजे?"

"कॅथीड्रलमध्ये एक जुना फॉन्ट आहे. बेबीजना बाप्तिस्मा देतात ना, ती. फुटलेली आहे, तुकडे जोडून ठेवलेत. चार छोटे पिलर्स होते. तीन मिळाले. एकाची जागा रिकामी आहे." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "ते जागा ह्याची आहे. मी त्या तिघांना रोज हात लावते, मामी. आय नो."

वरदाने मला टॉवेलमध्ये ओढून घेतले. "नाही."

"मी कोणाला सांगितलं नाही अजून."

"हा आमच्या घरात सापडलाय. तू नेणार नाहीस त्याला."

"नाही नेणार," तनिषा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू नको म्हणालीस तर मी कोणाला सांगणारच नाही. प्रॉमिस. पण मग मला पण ते रोज बघावं लागेल ना, ती रिकामी जागा."

वरदाने टॉवेलने माझे अंग पुसून काढले. पाळण्यात ईशिता स्वतःशीच काही बोलत होती. शेवटी वरदा म्हणाली, "आधी मला दाखव ती जागा. देईन असं म्हणत नाहीये. फक्त दाखव."

बऱ्याच दिवसांनी ती घराबाहेर पडली. बाबागाडीत ईशिता आणि तिच्या पायाशी, दुपट्यात, मी. बारीक पाऊस होता. देवळाच्या दारातून आत शिरलो आणि माझ्या ओळखीचा गारवा अंगाला लागला. चारशे वर्षांनी मी घरी आलो होतो. पण ते घर माझ्या ओळखीचे नव्हते. मंडपाच्या दोन कमानी दिसत होत्या आणि मग एकदम भिंत.

"पुढचं कुठाय?" वरदाने विचारले.

"पुढे नाहीये. एवढंच उरलं," तनिषा म्हणाली. "पूर्वी खूप लांब होतं. सिव्हिल वॉरच्या वेळी पाडलं."

"मग परत नाही बांधलं?"

"नाही. जिथे तुटलं तिथे वॉल घातली आणि उरलेल्यात चालू ठेवलं. प्रेयर सर्व्हिस रोज असते. स्टिल."

वरदा त्या भिंतीकडे पाहत राहिली. मग बाबागाडी ढकलत आतल्या बाजूला गेली. तिथे ते छत आहे, निळे, सोनेरी चांदण्यांचे. माझ्या वेळी असे नव्हते. ईशिताने वर पाहिले आणि दोन्ही हात वर केले. तिला एवढ्या चांदण्या कोणी कधी दाखवल्या नव्हत्या. ती खुदकन हसली आणि तो आवाज उंच कमानींतून फिरून परत आला, तसा ती आणखी हसली. वरदाने तिला उचलून घेतले, तोंडाजवळ धरले आणि म्हणाली, "इकडे कधी आणलंच नाही ना गं मी तुला? कुठेच आणलं नाही."

परत मंडपात येऊन तिने कुंड पाहिले. सांधलेले, कडा उडालेल्या. खाली माझे तिघे भाऊ उभे होते आणि चौथ्या कोपऱ्यात रिकामी जागा होती. वरदाने वाकून त्या जागेवर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"ताईंना फोन कर," ती तनिषाला म्हणाली. "म्हणावं, त्यांच्याशिवाय व्हायचं नाही हे."

मला बसवायचा दिवस ठरला, तेव्हा फारसे कोणी नव्हते. परीक्षित होता, कडेवर ईशिता. हॅरोहून आलेली सुनेत्राताई खांबाआड मागेच उभी होती, पुढे यायला धजावत नव्हती. तनिषाने माझ्या तुटलेल्या पायाखाली नवा दगड घडवून ठेवला होता. देवळातल्या वयस्क पाद्रीणबाई पांढऱ्या झग्यात आल्या. तनिषाने त्यांना सगळे सांगितलेले होते. वरदाने स्वतःच्या हातांनी माझी कुंची उतरवली, घडी करून पर्समध्ये ठेवली. मग मला दोन्ही हातांनी, मानेखाली हात देऊन, पुढे केले.

पाद्रीणबाईंनी मला लगेच घेतले नाही. त्यांनी आधी वरदाकडे पाहिले आणि विचारले, "व्हॉट इज हिज नेम?"

मित्रांनो, हा प्रश्न मी पाचशे वर्षे ऐकला होता. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणासाठी. माझ्या हृदयात, म्हणजे दगडाला जे काय असते तिथे, काहीतरी हलले.

"समर," वरदा म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "हिज नेम इज समर. ईशिताचा भाऊ."

पाद्रीणबाईंनी ते नाव जपून, सावकाश उच्चारले. वरदा मागे वळली. "ताई, या ना. नाव आत्यानं सांगायचं असतं."

सुनेत्राताई पुढे आली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, असे बहुधा पहिल्यांदाच झाले असेल. ती वाकली, दगडाचा कान कुठे असतो ते तिने स्वतःच ठरवले आणि तिथे तोंड लावून कुर्र केले. मग नाव सांगितले. परीक्षितने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला आणि रिवाजाप्रमाणे एक धपाटा घातला. ती रडता रडता हसली. मग मला बसवले. तनिषाने माझी माती काढली, धूळ काढली, पण कपाळावरची काजळाची तीट तिने पुसली नाही. पाटीवर त्या तिटेचा उल्लेख नाही.

अशी माझी हकिगत आहे, मित्रांनो. बादशहाची भिंत गेली, शहराचा तट गेला, मंडप अर्ध्याहून जास्त गेला. बिशपची गादी रिकामी झाली, मोडली, पुन्हा मांडली गेली. हे सगळे ज्यांनी केले, त्यांची नावे इतिहासात तुम्हाला सापडतील. पण जे लहान होते, लवकर गेले, त्यांची नावे कोणी घेतली तरच राहतात. तुमच्या परसात, माळ्यावर, कोपऱ्यात एखादी मोडकी वस्तू पडली असेल, तर टाकण्याआधी ती एकदा धुऊन पाहा. आणि तुमच्या घरात असे कोणी असेल, ज्याचे नाव घ्यायचे सगळे टाळतात, तर ते नाव घ्या. रडू येईल. येऊ द्या. समर हे नाव माझे नाही, हे मला कळते. मी ते फक्त धरून ठेवले आहे. धरून ठेवणे तेवढे मला चांगले येते.

वरदा आता कामावर जाते. येता-जाता इकडे डोकावते. परवा ईशिता पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी आली. दारापासून माझ्यापर्यंत धडपडत, दोनदा पडत. तिने माझ्या अंगावर चापट मारली, तिटेवर बोट ठेवले आणि नुकताच शिकलेला शब्द मोठ्याने म्हणाली, "दादा."

वरदाने तिला दुरुस्त केले नाही.